दुकानातला खर्ज, घरातला खर्ज

डीलरच्या डेमो रूममध्ये शिरल्यावर स्पीकरकडे बघायच्या आधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवावी. तिथे ती हातातल्या हातात विरते. खाली जाड गालिचा, भिंतींवर कापड चढवलेली पॅनेल्स, खिडकी बहुधा नाहीच. तीच टाळी घरच्या हॉलमध्ये वाजवली की तिच्या मागे ‘टर्र्र’ अशी बारीक शेपूट येते. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर टीव्हीची काच, बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा आणि दोन उघड्याबोडक्या समांतर भिंती, दुसरं काय होणार? भारी किमतीच्या दोन स्पीकरमध्ये जेवढा फरक असतो त्याहून या दोन टाळ्यांमधला फरक मोठा आहे. आणि बिल होतं ते फक्त स्पीकरचं, ती खोली काही कोणी टेम्पोत घालून देत नाही.

म्हणून डीलरकडे जाणंच फुकट, असं मात्र नाही. तिथे काय पारखायचं आणि काय ऐकूनही मनावर घ्यायचं नाही, हे ठरवून जावं लागतं. सीमारेषा ढोबळपणे दोन-तीनशे हर्ट्झपाशी (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) येते. तिच्या खाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. गळ्याचा पोत, तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार), तबल्याची चाट (काठावरचा बोल), बोलण्यातली व्यंजनं यांचा निकाल दुकानात बऱ्यापैकी लागतो. खर्जाचा, म्हणजे बासचा, लागत नाही. आणि पंचाईत अशी की गिऱ्हाईक पहिल्या मिनिटात भुलतं ते खर्जालाच.

आपल्याकडच्या टू बीएचकेचा हॉल घ्या. १५ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट. त्याचे निम्मे ५६२. या आकड्याला खोलीच्या मापाने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये घुमणारा पहिला स्वर मिळतो. लांबीचा ३७.५ हर्ट्झ, रुंदीचा ५६, उंचीचा ५९. शेवटचे दोन एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे तिथे एक गाठ बसते. शिवाय प्रत्येकाच्या दुपटीला, तिपटीलाही खोली घुमते. १५ आणि १० म्हणजे ३:२, हे तर षड्ज-पंचमाचं नातं! कानाला गोड, पण खोलीला वाईट, कारण लांबीची तिप्पट आणि रुंदीची दुप्पट दोन्ही ११२ वर एकाच जागी येऊन बसतात. आता काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणारा पुरुष गायक कल्पा. त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. मंद्रातला कोमल धैवत ११० ते १११. भैरव गाताना तो त्या आंदोलित धैवतावर उतरला की खोली त्याच्याबरोबर गायला लागते, आणि शेजारच्या स्वरांवर गप्प होते. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं आणि डीलरच्या ऐसपैस खोलीत ऐकूही येत नाही.

तेव्हा निघण्याआधी घरी अर्धा तास काढावा. फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप घ्यायचं, सध्याच्या सिस्टिमला जोडायचं, आवाज बेताचा ठेवायचा आणि नेहमीच्या जागी बसून ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत पाच-पाचने वर चढायचं. कागदावर दोन रकाने करायचे, ‘फुगतात’ आणि ‘गायब होतात’. नवे स्पीकर आणले तरी हा कागद फारसा बदलत नाही. ज्यांच्या कागदावर ५५ ते ६० ला मोठा फुगवटा आहे त्यांनी दुकानात दणदणीत खर्जावर भाळून आठ इंची दोन-दोन वूफरचे (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा कोन) जमिनीवर उभे राहणारे फ्लोअरस्टँडर उचलले, तर घरी ढोलाच्या पोटात बसल्यासारखं होईल.

सोबत काय न्यायचं? पाच-सहा तुकडे, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिटाचे, आणि सगळे पाठ असलेले. डीलरचे तुकडे ठरलेले असतात. मंद सुरात गाणारी एखादी बाई, सोबत गिटार किंवा डबल बास, मागे शांतता. त्या रेकॉर्डिंगवर साधा स्पीकरही देखणा वाटतो, म्हणूनच ती ठेवलेली असतात. आपल्या तुकड्यांत एक तंबोऱ्यावरचं संथ गाणं असावं, एक तबल्याचा नुसता ठेका असावा, एक गच्च भरलेला वाद्यवृंद (जुन्या चित्रपटगीतांतले ताशे, व्हायोलिनं आणि कोरस एकदम येतात तो भाग उत्तम), आणि एक नुसतं बोलणं. शिवाय एक मोनो रेकॉर्डिंग हवंच. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, तेव्हा त्याआधीचं कुठलंही नाट्यगीत चालेल. मोनो लावलं की आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधे, मुठीएवढ्या जागेत उभा राहायला हवा. तो हातभर रुंद पसरला, किंवा वरच्या सुरांना डावीकडे सरकला, तर जोडीतले दोन स्पीकर सारखे नाहीत किंवा बसवण्यात गडबड आहे. आवाज मधे कुठेच नाही, नुसताच डोक्याभोवती तरंगतोय आणि खर्जही पातळ झालाय, असं असेल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. चांगल्या दुकानातही हे होतं. दिवसभर जोड्या बदलणारा पोऱ्या दमलेला असतो.

मोनोचा दुसरा उपयोग याहून मोठा. डीलरला सांगायचं, एक स्पीकर बंद करा आणि एकाच स्पीकरवर ऐकवा. तो जरा विचित्र नजरेने बघेल. पण दोन स्पीकर वाजताना त्यांच्यातली जागा, रुंदी, खोली असला सगळा थाट कानाला गुंतवून ठेवतो आणि सुरातला दोष त्याआड लपतो. एकट्या स्पीकरला लपायला जागा नसते. आवाज स्पीकरच्या पेटीतून येतोय असं वाटतं का पेटी विसरायला होते, हे तिथेच कळतं.

अ‍ॅम्प्लिफायर शक्यतो आपलाच न्यावा. जड आहे, रिक्षात घालायचा कंटाळा येतो, तरीही. डेमोला लावलेला अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा स्पीकरच्या दुप्पट किमतीचा असतो आणि घरचा ५० वॉटचा बिचारा पुढे त्याच स्पीकरशी झुंजत बसतो. इथे कागदावरचे आकडे वाचता यायला हवेत. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. हार्बेथचा छोटा पी३ईएसआर ८३.५ डेसिबल, केईएफचा एलएस५० मेटा ८५, क्लिप्शचा हॉर्नवाला हेरसी ९९. तीन डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात, दहा वाढवायला दसपट. म्हणजे हेरसी एका वॉटमध्ये जेवढा गरजेल तेवढ्यासाठी पी३ईएसआरला कागदोपत्री पस्तीस लागतात. कंपन्या आपापल्या सोयीने मोजतात, त्यामुळे एखाद-दोन डेसिबल इकडेतिकडे धरायचे. आणखी एक मेख आहे. हल्ली आकडा एका वॉटला नसून २.८३ व्होल्टला दिलेला असतो. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टला एक वॉट जातो, ४ ओहमच्यात दोन. म्हणून ४ ओहमवर लिहिलेले ८८ हे खरे ८५ समजावेत. आणि ‘नॉमिनल ८ ओहम’ या शब्दांखाली बारीक अक्षरात ‘किमान ३.५’ असं असेल, तर तीच ओळ खरी. एव्हीआर (होम थिएटरचा रिसीव्हर) किंवा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे जवळजवळ कोणीच करत नाही ते. आवाजाची पातळी जुळवणं. वरचे पी३ईएसआर आणि एलएस५० शेजारी ठेवले, व्हॉल्यूमला हात न लावता वायर बदलली, तर दुसरा दीड डेसिबलने मोठा वाजणार. एवढा फरक कानाला ‘मोठा’ असा कळतच नाही. तो ‘जास्त स्वच्छ’, ‘जास्त मोकळा’ असा कळतो. सौदा तिथेच होतो, आणि तो दीड डेसिबलचा असतो. उपाय सोपा आहे. पिंक नॉइजची (सगळे स्वर मिसळलेल्या एकसारख्या सळसळीची) फाइल फोनवर ठेवायची, ५०० ते २००० हर्ट्झपुरती गाळलेली मिळाली तर फारच चांगलं, म्हणजे खोलीचा खर्ज मोजमापात लुडबुड करत नाही. दुसऱ्या फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप. तो फोन बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, उशीच्या किंवा पाठीच्या टेकूने एकाच जागी उभा. पहिल्या जोडीवर ७२-७५ डेसिबल येईपर्यंत व्हॉल्यूम चढवायचा आणि आकडा कागदावर लिहायचा. दुसऱ्या जोडीचंही तसंच. बटणावर आकडे नसतील तर कागदी टेप चिकटवून पेन्सिलीची खूण. फोनचा माइक अचूक नसला तरी दोन्ही वेळा तो सारखाच चुकतो, तेवढं आपल्याला पुरतं. अर्ध्या डेसिबलच्या आत आणायचं आणि मग प्रत्येक बदलाला आपापल्या खुणेवर यायचं. याला सात मिनिटं लागतात.

बदल पटकन व्हायला हवा. नाजूक फरकांची कानाची आठवण काही सेकंदांपुरतीच टिकते. वायर काढून, स्पीकर हलवून, मधे चहा पिऊन ऐकलं तर तुलना होते ती आठवणीशी आणि किमतीशी. डीलरकडे स्विचबॉक्स असेल तर वापरावा. नसेल तर प्लग लावलेल्या वायरी तयार ठेवायला सांगावं आणि दोन्ही जोड्यांच्या जागा जमिनीवर टेपने आखाव्यात, कारण एक जोडी भिंतीला चिकटून आणि दुसरी तीन फूट पुढे असेल तर तुम्ही भिंत ऐकताय.

डोळे मिटून घ्या असं सांगितलं की लोक हसतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ऐकणारे त्याच कंपनीतले लोक, स्पीकर चार, एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआड. उघड्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरना मिळालेली आघाडी पडद्याआड आटली, आणि छोट्या स्वस्त सिस्टिमला दिसत असताना मिळाले त्याहून न दिसता चांगले गुण मिळाले. रोज स्पीकरमध्ये वावरणाऱ्यांची ही गत, तर चमकतं वॉलनट व्हिनियर आणि तांब्याच्या रंगाचा कोन समोर असताना आपली काय कथा. सोबत एखादा मित्र न्यावा, त्याच्या हाती स्विच द्यावा आणि आपण मान खाली घालून कागदावर अ किंवा ब लिहावं. मित्र संगीतातला नसला तर उत्तम, म्हणजे तो मधेच ‘वा’ म्हणत नाही.

आणि ऐकायचं काय? मराठी माणसाच्या खिशात एक नामी चाचणी फुकट आहे. आपल्याकडे च दोन आहेत. ‘चांगला’तला दंत्य आणि ‘चिमणी’तला तालव्य. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, उच्चारात वेगळे. ही व्यंजनं जिथे एकमेकांपासून सुटी होतात तो साधारण चार ते आठ हजार हर्ट्झचा पट्टा ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, ताब्यात असतो. ट्वीटर मंद असेल तर दोन्ही च एकाच डबक्यात पडतात. भडक असेल तर प्रत्येक स आणि श वर जिभेला ब्लेड लागल्यासारखं होतं. म्हणून ते बोलण्याचं रेकॉर्डिंग न्यायचं, शक्यतो ओळखीच्या माणसाचं. बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर (ध्वनी पारखायचा स्पीकर) घडवला तो बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी, जिथे जागा हातभर आणि काम मुख्यतः बोलणं ऐकण्याचं. खोल खर्ज त्यात नव्हताच. वरच्या खर्जाला थोडा उठाव देऊन तो असल्याचा भास ठेवलेला होता. तरी माणसाचा आवाज माणसासारखा यायचा, आणि पन्नास वर्षांनीही त्याचे वंशज विकले जातात ते त्याच गुणावर.

दुसरी खूण तबला. मधल्या काळ्या शाईच्या वजनामुळे तबल्याच्या पुडीतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, म्हणून तो ढोलासारखा नुसता न बडबडता सुरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे दाखवून दिलं. ‘ना’ आणि ‘तिं’ यांचा बराचसा जीव अडीचशे ते दीड हजार हर्ट्झमध्ये आहे, म्हणजे दुकानात ज्यावर विश्वास ठेवता येतो त्याच पट्ट्यात. चांगल्या स्पीकरवर ‘ना’ला आधी बोटाचा आघात, मग चामडं आणि मग सूर असे तीन पदर सुटे लागतात. ‘ना’ पत्र्याचा वाटला तर दीड-दोन हजारला कुठेतरी टेंगूळ आहे. पुठ्ठ्याचा वाटला तर तिथे खड्डा. तंबोऱ्यात जवारीचा झुपका तारेच्या मागून हळूहळू उमलताना ऐकू यावा. तो सुरुवातीलाच झणकन पुढे येत असेल तर डेमोत सुरेख वाटेल, पण दोन तासांच्या मैफिलीत कानाला टोचेल. म्हणून शेवटी निवडलेल्या जोडीवर एकच लांब गाणं सलग पाऊण तास ऐकायला मागावं. पाऊण तासाने व्हॉल्यूम कमी करावासा वाटला, तर त्या जोडीला नमस्कार.

एकदा उठून उभं राहावं आणि एकदा खाली जमिनीवर बसावं. ट्वीटर आणि वूफरची जिथे सांधेजोड होते, साधारण दोन-तीन हजार हर्ट्झला, तिथे कानाची उंची बदलली की आवाज बदलतो. २४ इंची स्टँड सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाला बेतलेले असतात. ज्यांच्या घरी गादी-लोडाची बैठक आहे त्यांचा कान वीतभर खाली येतो. त्यांनी आखूड स्टँड पाहावेत किंवा स्पीकर किंचित पुढे झुकवावा. केईएफसारखा ट्वीटर वूफरच्या पोटात बसवलेला असेल तर हा त्रास बराच कमी, हे त्या रचनेचं खरं बलस्थान.

आणि एसी बंद करून, पंखा लावून, घरी रात्री दहानंतर जेवढा आवाज चालतो तेवढ्यावर ऐकायला मागावं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मांडलेलं आजही तेवढंच खरं आहे. आवाज उतरला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी पडतो. डेमो चालतो ८०-८५ डेसिबलला, सोसायटीतलं ऐकणं ६०-६५ ला. मोठ्या आवाजात समतोल वाटणारी जोडी तिथे फिकी पडू शकते, आणि दुकानात जरा जाडसर वाटलेली तिथे बरोबर जमते.

मग घरचा डेमो. डिपॉझिट ठेवून शनिवार-रविवार जोडी घरी देणारे डीलर आहेत. नाही म्हणणाऱ्याला निदान परत घेण्याची मुदत लिहून मागावी. ‘तीनशे तास वाजवा, मग खुलतील’ हे ऐकायला मिळेलच. कोनामागचा स्पायडर, म्हणजे कोनाला जागेवर धरणारी लवचिक चकती, पहिल्या काही तासांत सैल होतो, ते खरं. बाकीचे तास सवय लागायचे असतात, आणि तोवर मुदत संपते.

घरी पहिली चूक ठरलेली. स्पीकरच्या मागे फूटभर जागा सोडली जाते. पेटी पुढून मागे फूटभर, म्हणजे वूफरच्या कोनापासून भिंत दोन फुटांवर. मागे जाऊन भिंतीवरून परतलेला आवाज १४० हर्ट्झला मूळ आवाजाच्या बरोबर उलटा येऊन भेटतो आणि तिथे खळगा पडतो. काळी एकचा मध्य षड्ज १३९. गायक ज्या स्वरावर विसावणार नेमका तोच हलका! एकतर पेटी भिंतीपासून दोन-तीन इंचांवर न्यावी, खळगा वर सरकतो आणि बराच उथळ होतो. किंवा कोनापासून भिंत साडेतीन फुटांवर जाईल इतकी पुढे ओढावी, म्हणजे तो ऐंशीच्या घरात उतरतो. भिंतीजवळ न्यायची तर मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, नसलेली सीलबंद पेटी जास्त सोसते. पोर्टवाल्या बऱ्याच पेट्यांबरोबर फोमचे बोळे मिळतात, ते घालून पाहावेत. सोफाही मागच्या भिंतीला टेकलेला नको. भिंतीपाशी खर्ज साचतो. दीड फूट पुढे घेतला तरी सुटतो, घरच्यांना पटवणं हा वेगळा प्रश्न.

खर्जाची परीक्षा आता घ्यायची, आणि डग्ग्यावर घ्यायची. मनगट दाबत ‘गे’ची मींड वर जाते तेव्हा ती खोलीच्या घुमणाऱ्या जागांवरून सरकत जाते. चांगल्या बसवलेल्या जोडीवर ती सलग चढते. मधेच एका जागी फुगून पुढे दबली तर खोलीच्या त्या जुन्या कागदाकडे बघायचं, आणि स्पीकर नाहीतर खुर्ची वीत-वीत हलवायची. वायरीवर पैसे उधळू नयेत. विजेच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पाच मीटर लांबीला, जाऊन-येऊन फक्त ०.०७ ओहम अडवते. तेवढ्याच पैशांत समोरच्या भिंतीला जाड सतरंजी आणि टाइल्सवर गालिचा येतो, आणि टाळीची शेपूट तुटते. स्टँडचे खिळे टाइल्सवर सरकतात, त्यांच्याखाली रुपयाची नाणी ठेवली तरी काम भागतं.

जुनी जोडी लगेच एक्स्चेंजमध्ये देऊ नये. महिनाभराने ती पुन्हा लावून, त्याच सात मिनिटांच्या पद्धतीने पातळी जुळवून, एकदा समोरासमोर ऐकावी. नव्या जोडीचे खोके तोवर फोमसकट माळ्यावर ठेवायचे.